एक पाणबुडी बांधायला बारा वर्षं का लागतात?

ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने दोन हल्लेखोर अणुपाणबुड्या देशातच बांधायला मंजुरी दिली. खर्च सुमारे ४०,००० कोटी रुपये असल्याचं बातम्यांत आलं. मग २ डिसेंबरला, नौदल दिनाच्या तोंडावर झालेल्या पत्रकार परिषदेत नौदलप्रमुख ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी मुदतही सांगून टाकली: पहिली २०३६-३७ पर्यंत, दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी.

ही मुदत वाचून माझा एक मित्र म्हणाला, "अरे, एवढ्यात पोरगं पहिलीतून बारावीला जातं!"

त्याचा वैताग मला समजतो. पण या धंद्यात बारा वर्षं म्हणजे खरं तर घाईच म्हणायची. रशियाने 'सेवेरोद्विन्स्क' १९९३ मध्ये बांधायला घेतली, ती नौदलात आली २०१४ मध्ये. मधे सोव्हिएत संघ कोसळल्यानंतरची पैशाची चणचण होती, हे मान्य. पण पैसा असलेल्या फ्रान्सनेही 'सुफ्रेन' २००७ मध्ये सुरू करून २०२० मध्ये पुरी केली. ब्रिटनच्या 'अस्ट्यूट'ला २००१ ते २०१० अशी नऊ वर्षं लागली. आणि ही नुसती बांधणीची वर्षं, कागदावरच्या आराखड्याची वेगळी. या सगळ्यांना अणुपाणबुड्यांचा कित्येक दशकांचा अनुभव होता. आपण मात्र या प्रकारची पाणबुडी पहिल्यांदाच बांधतोय.

मग एवढा वेळ जातो कुठे?

आधी नावांचा घोळ निस्तरू

"अणुपाणबुडी आपल्याकडे आहेच की, 'अरिहंत'!" हे वाक्य हमखास ऐकू येतं. बरोबर आहे. 'अरिहंत' २०१६ पासून आणि 'अरिघात' २९ ऑगस्ट २०२४ पासून नौदलात आहे. पण त्यांचं काम निराळं. त्यांच्या पोटात अण्वस्त्रं वाहणारी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं असतात. समुद्रात कुठेतरी दडून बसायचं, कुणाच्या नजरेस पडायचं नाही, आणि देशावर अणुहल्ला झालाच तर उत्तर द्यायचं. तिजोरीसारखं काम, उघडायची वेळ येऊच नये असं.

हल्लेखोर पाणबुडी ही शिकारी. शत्रूच्या पाणबुडीच्या मागावर राहणं, युद्धनौका बुडवणं, आपल्या विमानवाहू नौकेच्या पुढे राहून वाट निर्धोक करणं, परक्या बंदराबाहेर कान लावून बसणं ही तिची कामं. तिच्यावर टॉर्पेडो आणि साधी, म्हणजे अण्वस्त्र नसलेली क्षेपणास्त्रं असतात. नावातला 'अणु' इंजिनापुरता, बॉम्बशी त्याचा संबंध नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बातम्यांतला निम्मा गोंधळ मिटतो.

डिझेलवर भागत नाही का?

आपल्या 'कलवरी' वर्गाच्या पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. डिझेल इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नाही. म्हणून पाण्याखाली बॅटरीवर चालायचं, आणि बॅटरी उतरली की पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी वर काढायची, हवा ओढायची, इंजिन लावून बॅटरी भरायची. पाणबुडी सापडण्याचा सगळ्यात मोठा धोका याच वेळी असतो. आता हवेशिवाय वीज तयार करणाऱ्या यंत्रणा निघाल्या आहेत. जर्मनीची 'यू-३२' २०१३ मध्ये सलग अठरा दिवस पाण्याखाली राहिली. पण ते रमतगमत, बैलगाडीच्या चालीने.

गणित करून बघू. विशाखापट्टणमहून मलाक्का सामुद्रधुनीचं उत्तरेचं तोंड साधारण हजार सागरी मैलांवर आहे. बॅटरी पुरवून वापरायची तर डिझेल पाणबुडी पाण्याखाली चार नॉटने, म्हणजे ताशी चार सागरी मैलांनी जाणार. दहा दिवसांहून जास्त लागतील, आणि तेवढी बॅटरी टिकणार नाही ती नाहीच. अणुपाणबुडी पंचवीस नॉटने चाळीस तासांत पोचेल, एकदाही वर न येता. तिथे महिना-दोन महिने थांबेल. प्यायचं पाणी आणि श्वासाचा प्राणवायू ती समुद्राच्या पाण्यापासूनच बनवते. परत यायला लावतं ते संपलेलं धान्य.

याचा युद्धातला अर्थ १९८२ मध्ये फॉकलंडच्या लढाईत दिसला. ब्रिटनची अणुपाणबुडी 'काँकरर' जवळजवळ अर्धं जग ओलांडून दक्षिण अटलांटिकमध्ये गेली आणि २ मे रोजी तिने अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' ही युद्धनौका बुडवली. गंमत म्हणजे वापरलेले टॉर्पेडो दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या घडणीचे होते. त्यानंतर अर्जेंटिनाच्या मोठ्या युद्धनौका किनारा सोडून फारशा बाहेर पडल्याच नाहीत. एका पाणबुडीने एक जहाज बुडवलं आणि अख्खा ताफा घरी बसला.

मात्र डिझेल पाणबुडीला कमी लेखू नका. स्वीडनच्या छोट्या 'गॉटलंड'ने २००५ च्या सरावात अमेरिकेच्या 'रोनाल्ड रीगन' या विमानवाहू नौकेला लुटुपुटूचं का होईना, बुडवून दाखवलं होतं. बॅटरीवर चालणारी पाणबुडी भयंकर शांत असते, आणि अणुपाणबुडीचं खरं दुखणं इथेच सुरू होतं.

सगळा खेळ आवाजाचा

पाण्याखाली प्रकाश फार लांब जात नाही. रडारच्या आणि नेहमीच्या रेडिओच्या लहरी पाण्यात शिरताच विरतात. उरतो आवाज. तो पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चारपटीहून जास्त वेगाने, आणि शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. समुद्राखाली सगळेच आंधळे. ज्याचा कान तिखट आणि पाय हलका, तो जिंकतो.

रात्री सगळं घर झोपल्यावर फ्रीजची घरघर अचानक ऐकू येते. दिवसभर ती तेवढीच असते, पण रस्त्याच्या गोंगाटात बुडालेली. समुद्रालाही असा स्वतःचा गोंगाट असतो: लाटा, पाऊस, व्यापारी जहाजं, देवमासे. उथळ उष्ण पाण्यात एक बोटाएवढी कोळंबी नांगी आपटून असा कडकडाट करते की सोनारवरचा माणूस वैतागतो. (सोनार म्हणजे आवाजावरून वेध घेणारी यंत्रणा. दागिन्यांशी संबंध नाही!) पाणबुडीचा आवाज या गोंगाटाच्या खाली नेऊन बुडवायचा, एवढंच काम आहे. पण या 'एवढंच'मध्ये सगळी वर्षं जातात.

कारण डिझेल इंजिन बंद करता येतं, पण अणुभट्टीला तशी सुट्टी देता येत नाही. ती बंद केल्यावरही आतलं इंधन तापत राहतं, ते सतत थंड करावं लागतं. अणुभट्टी म्हणजे शेवटी पाणी तापवायचं साधन. आतलं पाणी प्रेशर कुकरसारखं दाबाखाली ठेवतात, म्हणून ते अतिशय तापूनही उकळत नाही. त्याच्या उष्णतेवर दुसऱ्या पाण्याची वाफ होते, ती वाफ टर्बाइन फिरवते, टर्बाइन पंखा फिरवतं. म्हणजे पंप आले, टर्बाइन आलं, दातेरी चाकं आली. प्रत्येकाचा आपापला सूर. तरबेज कानाला त्या सुरावरून पाणबुडी कुठल्या वर्गाची, हे ओळखता येतं. मग एकेक सूर मारायचा.

मिक्सर ओट्यावर ठेवून चालवला की अख्खा ओटा थरथरतो. खाली कापडाची जाड घडी घातली की आवाज निम्म्यावर येतो. पाणबुडीत हेच करतात, फक्त 'मिक्सर' शेकडो टनांचा असतो. टर्बाइन आणि जनित्रं एका मोठ्या तराफ्यावर बसवतात आणि तो तराफा रबरी आधारांवर तोलतात, म्हणजे थरथर कवचापर्यंत पोचत नाही. प्रत्येक नळी आणि प्रत्येक वायरसुद्धा लवचीक सांध्याने जोडावी लागते, कारण एक कडक नळी राहिली तरी थरथर तिच्यावाटे बाहेर पडते. पंपांचा सूर घालवण्याची एक युक्ती तर फारच सुंदर आहे. पातेल्यात पाणी तापलं की गरम पाणी वर येतं, थंड खाली जातं, ते आपोआप फिरत राहतं. काही अणुभट्ट्यांची रचना अशी करतात की कमी वेगात पंप बंद ठेवून पाणी आपल्या आपणच फिरावं.

पुढच्या पिढीच्या पाणबुड्यांत दातेरी चाकंच काढून टाकण्याकडे कल आहे. टर्बाइनने वीज करायची आणि विजेच्या मोटरने पंखा फिरवायचा. फ्रान्स हे आधीपासून करतो, अमेरिकेच्या नव्या 'कोलंबिया' वर्गात तेच आहे.

पंख्याची कथा वेगळीच. पातं फार जोरात फिरलं की त्याच्या पाठीमागे पाण्याचा दाब इतका घसरतो की न तापताच वाफेचे बुडबुडे होतात आणि लगेच फुटतात. त्या फुटण्याचा तडतडाट मैलोगणती ऐकू जातो. तो टाळायला पात्याची वळणं अतिशय बारकाईने कोरावी लागतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तोशिबाच्या एका उपकंपनीने नऊ अक्षांवर फिरून धातू कोरणारी यंत्रं सोव्हिएत संघाला चोरून विकली. नियंत्रणाची संगणकप्रणाली नॉर्वेच्या काँग्सबर्गची होती. १९८७ मध्ये हे उघड झालं तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेच्या आवारात हातोडे घेऊन तोशिबाचा रेडिओ फोडला, कॅमेऱ्यांसमोर! पण त्या यंत्रांची गरज सोव्हिएत संघाला वाटली कशी? अमेरिकी नौदलातला फितूर जॉन वॉकर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८५ पर्यंत त्यांना गुपितं विकत होता. त्यातून त्यांना कळलं होतं की आपल्या पाणबुड्या किती लांबून ऐकू येतात. शांततेची किंमत ही अशी, देशांनी माणसं फोडावीत इतकी.

उलट उदाहरणही सोव्हिएतांचंच. त्यांची 'लिरा' पाणबुडी टायटेनियमची, चाळीस नॉटहून वेगवान, तिच्या काळातला चमत्कार. पण वेगात धावताना ती इतका गलका करायची की लपण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय तिच्या अणुभट्टीत पाण्याऐवजी शिसं आणि बिस्मथ यांचा वितळलेला धातू होता. तो गोठला की भट्टी कायमची निकामी, म्हणून बंदरातसुद्धा ती गरम ठेवावी लागे. हौसेने आणलेली शर्यतीची गाडी रात्रंदिवस चालूच ठेवायची, अशातली गत. सातच बांधल्या.

पाण्याचं ओझं आणि एक दशांशचिन्ह

दर दहा मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीनशे मीटरवर कवचाच्या दर चौरस मीटरवर सुमारे तीनशे टन. जुने पाणबुडे नवख्याला एक खेळ दाखवतात. पृष्ठभागावर असताना आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणून बांधायची. पाणबुडी खोल गेली की दोरीला झोल पडतो. दोरी तेवढीच असते, भिंती जवळ आलेल्या असतात.

अशा कवचाचा प्रत्येक जोड तपासावा लागतो, एक्स-रेने नाहीतर श्राव्यातीत लहरींनी. यातली ढिलाई काय करते ते अमेरिकेने १० एप्रिल १९६३ रोजी पाहिलं. खोलीची चाचणी घेताना 'थ्रेशर' बुडाली, आतले १२९ जण गेले. बहुधा समुद्राचं पाणी वाहणाऱ्या नळीचा एक जोड सुटला, विजेची यंत्रणा बिघडली, अणुभट्टी बंद पडली. वर येण्यासाठी टाक्यांत दाबाची हवा सोडली, तर हवेतल्या ओलाव्याचा बर्फ होऊन जाळ्या तुंबल्या. त्यानंतर अमेरिकेने नियमच केला की समुद्राच्या पाण्याशी संबंध येणारा प्रत्येक सुटा भाग आणि प्रत्येक जोड कागदोपत्री सिद्ध झाला पाहिजे: कोणी केला, कशाने केला, कोणी तपासला. या नियमात बसलेली एकही पाणबुडी आजवर बुडालेली नाही. पण त्या कागदांना वेळ लागतो.

वजनाचं गणितही असंच छळतं. पाण्याखाली पाणबुडीने ना वर यावं ना खाली जावं, म्हणजे तिचं वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याइतकंच हवं. स्पेनने स्वतःची 'इसाक पेराल' बांधायला घेतली. २०१३ मध्ये लक्षात आलं की ती सत्तर टनांहून जास्त जड झाली आहे. बुडाली असती सहज, वर आली असती की नाही याची शंका. आकडेमोडीत कोणीतरी दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिलं आणि पुढे कोणी तपासलं नाही, असं तिथल्या एका माजी अधिकाऱ्याने सांगितलं. उपाय म्हणून तिची लांबी दहा मीटरने वाढवली. लांबी वाढली तर ती तळावरच्या धक्क्यात मावेना. धक्का वाढवला. शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरात ती नौदलात आली. आणि ही साधी डिझेल पाणबुडी होती, बरं का.

हात शिकवायला लागणारी वर्षं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ खाणारी आणि बातम्यांत सगळ्यात कमी येणारी गोष्ट ही आहे.

१९८१ मध्ये आपण जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन तिकडे किलला बांधायच्या, दोन मुंबईत माझगाव डॉकमध्ये. आपली माणसं जर्मनीत जाऊन जाड वक्र पोलाद जोडायला शिकली. 'शल्की' १९९२ मध्ये आणि 'शंकुल' १९९४ मध्ये नौदलात आली. दरम्यान करारात दलालीचे आरोप झाले आणि पुढच्या पाणबुड्या गुंडाळल्या गेल्या. भ्रष्टाचाराची चौकशी व्हायलाच हवी होती, पण शिक्षा झाली ती वेल्डरांच्या हातांना. शिकलेली माणसं पांगली, निवृत्त झाली. स्कॉर्पिन या फ्रेंच आराखड्याच्या पाणबुड्यांचा करार व्हायला २००५ उजाडलं आणि 'कलवरी' आली ती डिसेंबर २०१७ मध्ये. 'शंकुल' ते 'कलवरी', मधे तेवीस वर्षं. धडा फ्रेंचांकडून पुन्हा पहिल्यापासून गिरवावा लागला.

गायकाने वीस वर्षं रियाज सोडला तर काय होईल? वही असते, बंदिशी असतात, गळा नसतो.

हे आपल्यापुरतं नाही. ब्रिटनमध्ये आधीच्या पाणबुड्या संपल्यावर 'अस्ट्यूट' सुरू होईपर्यंत खंड पडला, बॅरोच्या गोदीतली जाणती माणसं निघून गेली. काम इतकं रखडलं की अमेरिकेच्या इलेक्ट्रिक बोट कंपनीचे तज्ज्ञ मदतीला बोलवावे लागले. खुद्द अमेरिकेला वर्षाला 'व्हर्जिनिया' वर्गाच्या दोन हल्लेखोर पाणबुड्या हव्यात, होतात जेमतेम सव्वा. कारण तेच, गोद्यांत कुशल हात कमी आणि सुटे भाग पुरवणारे कारखाने कमी. तिची पुढच्या पिढीची हल्लेखोर पाणबुडी आधी २०३१ मध्ये सुरू व्हायची होती, मग २०३५ झालं, आता २०४०.

म्हणून १५ जानेवारी २०२५ रोजी सहावी स्कॉर्पिन 'वागशीर' मुंबईत दाखल झाली त्या दिवशी मला आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटली. त्या दिवशी माझगाव डॉकच्या हाती पुढच्या पाणबुडीचा सही झालेला करार नव्हता. अणुपाणबुड्यांचं काम विशाखापट्टणमला होतं, ती रांग वेगळी. पण कसबी वेल्डर देशात मोजकेच.

"चंद्रावर उतरलो, मग हे का जमेना?"

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचं उत्तर थोडं चकित करणारं आहे. अवकाशयानाच्या आत एक वातावरण दाब, बाहेर शून्य. फरक एकाचा. तीनशे मीटर खोलवरच्या पाणबुडीत हा फरक तीसचा. चांद्रयानात माणसं नव्हती, पाणबुडीत शंभरएक असतात आणि अणुभट्टी त्यांच्यापासून काही पावलांवर. यान सतत पृथ्वीशी बोलत असतं, बिघाड झाला तर बंगळुरूत बसलेले शंभर तज्ज्ञ डोकं लावतात. पाणबुडीने बोलणं म्हणजे पत्ता देणं. तिला संदेश पाठवायचा तर अतिशय लांब लहरींचं प्रक्षेपण करावं लागतं, त्यासाठी तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं 'कट्टबोम्मन' केंद्र आहे. त्या लहरी पाण्यात काही मीटरच शिरतात आणि त्यांवर थोडकेच शब्द जातात. बिघाड झाला तर आतल्यांनीच निस्तरायचा, तोही आवाज न करता. आणि हे सगळं तीसेक वर्षं चालायला हवं.

कमी-जास्त ठरवण्याचा हा मुद्दाच नाही. परीक्षा वेगळ्या आहेत.

"मग विकत का घेत नाही?"

कारण विकायला कोणी बसलेलं नाही. अमेरिकेने हे ज्ञान १९५८ मध्ये ब्रिटनला दिलं. त्यानंतर थेट २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाला द्यायचं ठरवलं, तेही ऑस्ट्रेलियाने फ्रान्सशी केलेला डिझेल पाणबुड्यांचा करार मोडल्यावर. त्या योजनेचा खर्च ऑस्ट्रेलियाने २०५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत २६८ ते ३६८ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर इतका धरला आहे. तिथे बांधलेली पहिली पाणबुडी येणार २०४० च्या दशकाच्या सुरुवातीला. एवढे मातब्बर मित्र असून ही तऱ्हा.

आपल्याला रशियाने अणुपाणबुडी दिली ती भाड्याने, 'चक्र' या नावाने: एकदा १९८८ ते १९९१, दुसऱ्यांदा २०१२ ते २०२१. तिसरीचा करार २०१९ मध्ये झाला. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागतं, इथे तर घरात अणुभट्टी. पण अणुपाणबुडी चालवायची कशी, हे आपली माणसं तिच्यावरच शिकली.

"अणुभट्टी फुटली तर?"

बॉम्बसारखी ती फुटत नाही, तशी तिची घडणच नसते. गळतीचा धोका मात्र खरा आहे आणि सोव्हिएत पाणबुड्यांत अणुभट्टीच्या अपघातांनी माणसं मेली आहेत, ते झाकण्यात अर्थ नाही. तरी पाणबुड्यांतले मोठे स्फोट पाहिले तर ते बहुतेक शस्त्रांचे दिसतात. ऑगस्ट २००० मध्ये 'कुर्स्क' गेली ती टॉर्पेडोच्या इंधनाच्या स्फोटाने. ११८ जण मृत्युमुखी पडले, पण अणुभट्ट्या बंद झाल्या होत्या आणि पुढच्या वर्षी त्या धडक्या अवस्थेत वर काढल्या. ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईत 'सिंधुरक्षक' स्फोटात बुडाली, अठरा जण गेले. ती डिझेल पाणबुडी होती.

"ड्रोनच्या जमान्यात हे जुनं खूळ कशाला?"

या आक्षेपात सगळ्यात जास्त दम आहे. हवेतल्या ड्रोननी युद्ध बदललं, मग पाण्यातले का बदलणार नाहीत? बदलतीलच. पण हवेतला ड्रोन रेडिओच्या दोरीवर उडतो आणि पाण्याखाली ती दोरी तुटते. पाण्यातल्या ड्रोनला स्वतःच ठरवावं लागतं, आणि समोरचं मासेमारीचं जहाज आहे की शत्रूचं, हे ठरवण्याचा हक्क यंत्राला द्यायला अजून कुणी सहजासहजी तयार नाही. शिवाय तो बॅटरीवर चालतो, म्हणजे डिझेल पाणबुडीचंच दुखणं, त्याहून लहान बॅटरीत.

त्यामुळे पुढच्या पिढीची पाणबुडी ड्रोनची आई होऊ पाहते आहे. ती स्वतः लांब थांबणार आणि पिल्लं पुढे पाठवणार. पिल्लू सोडणं सोपं, परत घेणं अवघड: चालत्या पाणबुडीच्या अर्ध्या मीटरच्या टॉर्पेडो-नळीत, अंधारात, प्रवाहात ड्रोनने नेमकं शिरायचं. सुईत दोरा ओवायचा, आणि सुईही हलतेय. अमेरिकेच्या 'डेलावेअर'ने २०२५ मध्ये हे करून दाखवलं.

"समुद्रच पारदर्शक झाला तर?" असंही विचारतात. उपग्रह, हजारो संवेदक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता मिळून पाणबुडी शोधतील, हे अशक्य नाही. पण समुद्र काचेच्या पेल्यासारखा एकजिनसी नसतो. वर उष्ण थर, खाली थंड, आणि त्या सीमेवर आवाज वाकतो. मृगजळात प्रकाश वाकतो तसाच. काही जागी आवाज पोचतच नाही, तिथे लपता येतं. उष्ण कटिबंधातल्या आपल्या समुद्रात हे थर ठळक असतात, म्हणून तापमानाचा आणि खारेपणाचा नकाशा जवळ असलेला कप्तान अजून तरी वरचढ ठरतो.

पण आराखडा करणाऱ्यांना हा आक्षेप सोडत नाही. २०३७ मध्ये येणारी पाणबुडी २०६७ पर्यंत तरी चालायला हवी, आणि तेव्हाचा शत्रू कशाने ऐकेल हे आज सांगता येत नाही. म्हणून नव्या आराखड्यांत वीज मुबलक ठेवतात, रिकामी जागा ठेवतात, संगणक आणि संवेदक बदलता येतील असे बसवतात. वाढत्या अंगाचे कपडे शिवतात तसं.

बातमीत नेमकं काय बघायचं

पुढल्या काही वर्षांत "पहिला पत्रा कापला" अशी बातमी येईल. मग बराच काळ काहीच येणार नाही. मग एक दिवस पाणबुडी पाण्यात उतरवल्याचं कळेल, कदाचित छायाचित्रही नसेल, आणि लोक म्हणतील, झाली तयार.

'अरिहंत' २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणमला पाण्यात उतरली. तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी तिच्या अंगावर नारळ फोडला. तिची अणुभट्टी पहिल्यांदा सुरू झाली ती ऑगस्ट २०१३ मध्ये. समुद्रातल्या चाचण्या डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाल्या. नौदलात ती आली ऑगस्ट २०१६ मध्ये, नारळ फोडल्यावर सात वर्षांनी.